पॅकर्स अँड मूव्हर्सच्या पोरांना टिप द्यायची का? किती, कधी आणि कोणाच्या हातात?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑफिस किंवा दुकान हलवण्याचा खर्च बघितला. त्यातला एक खर्च मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, पण जवळपास प्रत्येक शिफ्टिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांत समोर येतो. सामान उतरलेलं असतं, घामाघूम झालेली चार-पाच पोरं जिन्यात टेकलेली असतात आणि सुपरवायझर मान खाजवत म्हणतो, "साहेब, पोरांच्या चहापाण्याचं काहीतरी बघा."

आता काय करायचं? द्यायचे तर किती? सुपरवायझरकडे द्यायचे की प्रत्येकाला? आणि चौदा-पंधरा हजारांचं बिल भरल्यावर परत का द्यायचे? तुम्ही ग्राहक असाल तर हा प्रश्न तुमचा आहेच. पण तुमचाच मूव्हर्सचा, फर्निचर फिटिंगचा, एसी सर्व्हिसिंगचा किंवा घरी माणसं पाठवून होणारा कुठलाही धंदा असेल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी जास्त महागाचा आहे. कसा, ते पुढे हिशोबासकट सांगतो.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्याकडे या पैशाला बरीच नावं आहेत. बक्षिसी म्हणजे काम बघून, आपल्या मनाने दिलेलं. चहापाणी म्हणजे मागितलेलं, पण गोड बोलून. चिरीमिरी म्हणजे अडलेलं काम पुढे सरकावं म्हणून दिलेलं. वरून तिन्ही सारखेच दिसतात, खिशातून शंभराची नोटच जाते. फरक एवढाच, की बक्षिसी काम झाल्यावर जाते आणि चिरीमिरी काम व्हायच्या आधी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला "आगाऊ टिप"बद्दल नोटीस पाठवली, तेव्हा आक्षेपाचा गाभा हाच होता. सेवा मिळायच्या आधी मागितलेली टिप ही टिप कशी?

हॉटेलांचंही तसंच. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, असं याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ते नियम हॉटेलांपुरते आहेत, मूव्हर्सना थेट लागू नाहीत. पण तत्त्व आपल्याला घेता येतं: कौतुकाचे पैसे ग्राहकाच्या मर्जीचे असतात.

थोडक्यात, पॅकर्स अँड मूव्हर्सना टिप देणं आपल्याकडे बंधनकारक नाही. चांगलं काम झालं तर द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती मजुरीच्या जागी द्यायची नाही. हा फरक कळायला ट्रकमधून उतरलेली माणसं नक्की कोणाची असतात, हे माहीत असायला हवं.

ट्रकमधून उतरलेली पोरं कोणाची?

तुम्ही फोन केला एका कंपनीला. वेबसाइट छान, लोगो मोठा. पण या धंद्यात अनेकदा ती कंपनी फक्त चौकशी गोळा करते आणि काम स्थानिक व्हेंडरला देते. व्हेंडरकडे एक सुपरवायझर आणि एक-दोन कायमची पॅकिंगवाली पोरं असतात. ट्रक दुसऱ्याचा, भाड्याचा. आणि ओझं उचलणारी बाकीची माणसं? ती बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी मजूर अड्ड्यावरून रोजावर घेतलेली असतात. महिनाअखेरीला, दसऱ्याला, अक्षय्य तृतीयेला कामं एकदम येतात, तेव्हा तर नक्कीच.

म्हणजे तुमचं बिल चार हातांतून जातं आणि फ्रिज पाठीवर घेऊन तीन मजले चढणारा माणूस त्या साखळीत सगळ्यात शेवटी असतो. तुम्ही कंपनीला किती भरले हे त्याला माहीत नसतं, आणि त्याला किती रोज ठरला आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ही गोष्ट लक्षात आली की "एवढं बिल भरलं, आता परत कशाला" हा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. टिप सुपरवायझरच्या हातात दिली तर ती खाली पोचेलच याची खात्री नाही. काही सुपरवायझर प्रामाणिकपणे वाटतात, काही "सगळ्यांचे मिळून आहेत" म्हणून खिशात घालतात. सोपा उपाय म्हणजे सगळे एकत्र असताना, सगळ्यांसमोर, प्रत्येकाच्या हातात द्यायचे. यूपीआय करायचं असेल तर त्या-त्या माणसाच्या फोनवर करा. बिलावरचा क्यूआर कोड व्हेंडरचा असतो, त्यावर टाकलेले जास्तीचे दोनशे रुपये त्याच्या खात्यात जातात.

एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच नोटा येतात आणि मग "सुटे नाहीत, वाटून घ्या" असं होतं. म्हणून शिफ्टिंगच्या आदल्या दिवशीच शंभर-दोनशेच्या नोटा काढून ठेवा.

किती द्यायचे?

यासाठी कुठला सरकारी किंवा बाजारी दर नाही. मी जो अंदाज वापरतो तो सांगतो, तुम्ही तुमच्या खिशाप्रमाणे बदला.

शहरातल्या शहरात, १ किंवा २ बीएचके, दोन्हीकडे लिफ्ट चालू, अर्ध्या दिवसात काम झालं, तर माणशी १०० ते २०० रुपये. लिफ्ट नाही, तिसरा-चौथा मजला, मे महिन्याचं ऊन किंवा जुलैचा पाऊस, काम रात्री नऊपर्यंत ताणलं, तर माणशी ३०० ते ५००. एखाद्याने वेगळं कौशल्य दाखवलं असेल, म्हणजे दिवाणाचे सांधे न मोडता खोलून परत जोडले, आजीचा सागवानी देव्हारा ओरखडा न पडता आणला, तर त्याला वेगळे द्यायला काहीच हरकत नाही. आणि नव्या घरात प्रवेश म्हणून १०१ किंवा २५१ देणारी, सोबत हातावर पेढा ठेवणारी माणसं आपल्याकडे आहेतच. ती पद्धत मला फार आवडते, कारण त्यात कोणी मागत नाही.

बिलाच्या टक्केवारीवर मात्र टिप काढू नका. मुंबईहून बंगळुरूला सामान पाठवलं तर बिल मोठं होतं ते सुमारे हजार किलोमीटरच्या डिझेल आणि टोलमुळे. वर चढवणाऱ्यांची मेहनत तेवढीच असते. उलट गल्लीतल्या गल्लीत पण चौथ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर सामान गेलं तर बिल लहान आणि कष्ट दुप्पट. म्हणून हिशोब माणसांचा आणि मजल्यांचा ठेवा. अमेरिकेतले व्हिडिओ बघून तिथले आकडे इथे लावणारेही भेटतात. तिथे टिप जवळपास गृहीतच धरलेली असते, आपल्याकडे नाही. न्यू जर्सीला राहणाऱ्या तुमच्या भाच्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे द्यावी, तुम्ही पिंपरीत इथल्याप्रमाणे.

दुसऱ्या गावी शिफ्टिंग असेल तर अजून एक गोष्ट. सामान चढवणारी आणि उतरवणारी टीम वेगळी असते. पार्ट लोड असेल, म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान, तर मध्ये गोडाऊनमध्ये ट्रकही बदलू शकतो. "सगळे तिकडे पोचल्यावर देतो" असं इथल्या पोरांना सांगितलं तर ते तिकडे कधी येणारच नाहीत. दोन टोकांना दोन टिपा. ड्रायव्हर वेगळा, त्याने सामानाला हात लावला असेल तर तो पण धरा.

आणि पैशाआधीच्या काही गोष्टी. पिण्याचं गार पाणी, दोनदा चहा, दुपार झाली तर वडापाव किंवा जेवणाची सोय. सोसायटीकडून शिफ्टिंगची परवानगी आणि लिफ्टची वेळ आधीच घेऊन ठेवणं, ट्रकसाठी गेटजवळ जागा राखणं. पुस्तकं मोठ्या खोक्यात न भरता लहान खोक्यांत भरणं. एक मोठं खोकं भरून पुस्तकं म्हणजे एका माणसाची कंबर. एवढं केलंत तर त्यांचा दिवस हलका होतो, आणि शेवटी मागणीचा सूरही बदलतो.

जास्तीचं काम म्हणजे टिप नव्हे

बरीच भांडणं इथे होतात. ग्राहक फोनवर सांगतो, "१ बीएचके आहे हो, फार काही सामान नाही." प्रत्यक्षात माळ्यावरून पितळी भांडी निघतात, गॅलरीत पिंप आणि कुंड्या असतात, शिवाय घरघंटी, इन्व्हर्टरची बॅटरी आणि दोन माणसांना न हलणारं लोखंडी कपाट. कोटेशन वीस खोक्यांचं, निघाली चाळीस. पोरं शेवटी जे मागतात ती या जास्तीच्या कामाची मजुरी असते, फक्त नाव चहापाण्याचं.

असं झालं तर तिथेच घासाघीस करू नका. व्हेंडरच्या ऑफिसला फोन लावा, वाढीव कामाचा दर ठरवा, तो बिलात लिहून घ्या. टिप त्यानंतर, वेगळी.

तोडफोडीचंही तसंच. काही फुटलं असेल तर सामानाच्या यादीवर सही करण्याआधी त्याच यादीवर लिहा आणि फोटो काढा. भरपाई कंपनीकडे मागायची. एका पोराच्या हातून बरणी फुटली म्हणून पाचही जणांची टिप कापणं मला पटत नाही. मात्र सामान सरळसरळ आपटत असतील, उद्धट बोलत असतील, तर टिप देऊ नका, आणि का दिली नाही ते सांगा.

आणि ट्रक दारात उभा करून "आधी तीन हजार द्या, मग उतरवतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला टिप म्हणायचंच नाही. ती अडवणूक आहे. कोटेशन आणि बिल्टी हातात ठेवा, कंपनीला लेखी मेसेज करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, धमकीची भाषा आली तर ११२. ही वेळ येऊ नये म्हणून पूर्ण पैसे आधी देऊ नका, काही रक्कम सामान उतरेपर्यंत हातात असू द्या. पण सामान नीट उतरल्यावर ती लगेच द्या. उरलेलं पेमेंट अडवून ठेवणारा ग्राहकही काही कमी नसतो!

दुकान किंवा गोडाऊनचा माल हलवणाऱ्यांना "वाराई" हा शब्द नवा नसेल. माल चढवण्या-उतरवण्यासाठी ट्रकवाल्यांकडून घेतले जाणारे हे पैसे, आणि काही ठिकाणी तर काम न करताही. केरळात याचीच बहीण होती, "नोक्कुकूली", म्हणजे नुसतं बघत बसण्याची मजुरी. तिथल्या सरकारने १ मे २०१८ पासून ती बंद केली. आपल्याकडे कोणी माथाडी म्हणून आला आणि माल तुमच्या माणसांनी उतरवलेला असताना पैसे मागू लागला, तर मंडळाची नोंदणी आणि पावती मागा. खऱ्या नोंदणीकृत माथाडी कामगाराची मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची असते, गेटवर कोणाच्या हातात नाही.

खोट्या माथाड्यांमुळे खऱ्यांचं नाव खराब होतं, म्हणून एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, तिचं "कष्टाची भाकर" केंद्र कित्येकांना माहीत असेल. या सगळ्या लढ्याचा मुद्दा हाच होता, की ओझं वाहणाऱ्याला ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी हे हक्काने मिळावं. मालकाच्या खुशीवर त्याचं घर चालू नये. आज तुमच्या-माझ्या घरी येणारा मूव्हर्सचा पोरगा बहुतेक वेळा या संरक्षणाच्या बाहेर असतो.

आता मूव्हर्सचा धंदा करणाऱ्यांसाठी

समजा पुण्यात कोथरूडहून वाकडला २ बीएचके हलवायचं आहे. तुमचा खर्च असा धरू: ट्रक ३,५००, पॅकिंगचं सामान २,५००, पाच माणसं प्रत्येकी ९०० प्रमाणे ४,५००, ऑफिस आणि जाहिरात १,५००. एकूण १२,०००. तुम्ही १४,००० चं कोटेशन दिलं, २,००० सुटले. ठीक आहे.

समोरचा ११,००० सांगतो. काम जाऊ नये म्हणून तुम्हीही ११,००० वर येता. ट्रक आणि खोकी स्वस्त होत नाहीत, मग कापता कुठे? माणसांत. पाचाची चार केली, रोज ७०० केला आणि पोरांना सांगितलं, "पार्टी चांगली आहे, वरचे मिळतील." मजुरी झाली २,८००, एकूण खर्च १०,३००. तुम्हाला सुटले ७००.

आता प्रत्येक पोरगा २०० कमी घेऊन, पाचव्या माणसाचंही ओझं उचलतोय. संध्याकाळी तो माणशी पाचशे मागणार, म्हणजे २,०००. ग्राहकाने दिले तर त्याला एकूण १३,००० पडले, वर मनस्ताप. नाही दिले तर पोरं चिडली, उद्या ती दुसऱ्याच्या ट्रकवर. आणि दोन्ही बाबतींत ग्राहक गूगलवर लिहिणार की यांची माणसं पैसे मागतात. त्या एका ओळीने पुढची किती कामं गेली हे तुम्हाला कधीच कळत नाही, कारण न आलेला फोन मोजता येत नाही.

म्हणजे टिप मागायची वेळ येते, तेव्हा बहुतेक वेळा गडबड कोटेशनमध्ये झालेली असते. पोरांना शिस्त लावून ती सुटत नाही.

म्हणून कोटेशन देण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर बघा. माळा उघडायला सांगा, गॅलरी दाखवायला सांगा. मजल्याचा दर, ट्रक लांब उभा राहिला तर त्याचा दर, सोसायटीने लिफ्ट अडवली आणि दोन तास थांबावं लागलं तर त्याचा दर, पलंग-कपाट खोलण्याचा दर, हे सगळं आधी लिहा. आणि खाली एक ओळ टाका: "कामगारांची मजुरी या दरात धरलेली आहे. टिप पूर्णपणे आपल्या इच्छेवर. कोणी मागणी केल्यास या नंबरवर कळवा." ही ओळ छापायचा अधिकार तुम्हाला तेव्हाच, जेव्हा रोज खरंच पूर्ण दिला असेल. नाहीतर ग्राहकाच्या तक्रारीवरून तुम्ही ज्याला रागावणार, त्याची मजुरी तुम्हीच कापलेली असते.

ग्राहकाने खुशीने दिलेली टिप पोरांची. ती विचारायची नाही, त्यात वाटा घ्यायचा नाही आणि "तुला आज तीनशे मिळाले ना" म्हणून रोज कमी करायचा नाही. सुपरवायझरला हे पहिल्या दिवशी सांगा. एखाद्या ग्राहकाने रिव्ह्यूमध्ये पोराचं नाव घेऊन कौतुक केलं, तर त्याला तुमच्याकडून पन्नास-शंभर द्या, इतरांसमोर. आणि तुम्ही मालक असून स्वतः कामावर गेला असाल आणि ग्राहकाने तुमच्या हातात टिप ठेवली, तर ती तिथल्या तिथे पोरांना वाटा. तुमची टिप म्हणजे ग्राहकाने दिलेला पुढचा नंबर.

ऑफिस हलवणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. पंधरा-वीस माणसं शनिवारी रात्रभर काम करणार असतील तर टिपेचं बजेट आधीच मंजूर करून घ्या. स्टाफकडून वर्गणी काढू नका, आणि अॅडमिनच्या माणसाला स्वतःच्या खिशातून द्यायला लावू नका. "हमाली व चहापाणी" असं साधं व्हाउचर करा, तारीख, माणसं, रक्कम आणि देणाऱ्याची सही. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर त्यातच धरा. रात्री दोन वाजता जवळपास काहीच उघडं नसतं, हे बजेट करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पुढच्या व्हिडिओत मूव्हर्सच्या कोटेशनचा पूर्ण नमुना स्क्रीनवर भरून दाखवणार आहे, मजल्याच्या आणि थांबण्याच्या दरासकट. तुमचं सध्याचं कोटेशन हाताशी घेऊन बसा.